९१ टक्क्यांचा आलेख आणि गळालेली नावं

मंडळी, या शनिवारी दुसऱ्याच विषयावर लिहायचं डोक्यात होतं. पण काल रात्री पुण्याहून नांदेडला यायला ट्रॅव्हल्समध्ये बसलो, मोबाईल उघडला आणि डोकं फिरलं.

विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलं त्या बॅचचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर एका मित्राने एक आलेख टाकला होता. आडव्या रेषेवर वर्षं, २०१८ ते २०२३. उभ्या रेषेवर टक्के. डावीकडे खाली एक ठिपका, १२.४. उजवीकडे वर एक ठिपका, ९१.२. मधून चढत जाणारी जाड हिरवी रेघ. विषय असा की साध्या भाषेत प्रश्न विचारला तर डेटाबेससाठीची एसक्यूएल क्वेरी स्वतः लिहून देणारी लँग्वेज मॉडेल्स किती अचूक झाली आहेत. खाली मित्राचा शेरा: "एसक्यूएलवाल्यांनो, दुकान गुंडाळा." त्यावर पंधरा-सोळा अंगठे, आणि एका ज्युनिअर पोराचा केविलवाणा प्रश्न, "दादा, मग मी आता काय शिकू?"

त्या पोरासाठी हा लेख. आणि थोडा माझ्या स्वतःसाठी, कारण असाच एक आलेख मीही केला होता. त्याचं काय झालं ते पुढे सांगतोच. आधी या आलेखाची चिरफाड करू.

पहिली गोष्ट. त्या दोन ठिपक्यांची फूटपट्टीच एक नाही!

स्पायडर नावाची एक परीक्षा आहे. येल विद्यापीठातल्या मंडळींनी ती २०१८ मध्ये तयार केली. २०० डेटाबेस, १०,१८१ प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नासमोर माणसाने लिहिलेली बरोबर क्वेरी. अकरा विद्यार्थ्यांनी बसून हे काम केलं. मेहनतीचं आणि प्रामाणिक काम आहे, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्या पहिल्या पेपरात सर्वांत चांगल्या मॉडेलला १२.४ टक्के मिळाले. पण ते कशाचे? मॉडेलने लिहिलेली क्वेरी आणि माणसाने लिहिलेली क्वेरी यांचे भाग एकमेकांशी तंतोतंत जुळतात का, याचे. आता २०२३ मधले ९१.२ कशाचे? दोन्ही क्वेऱ्या चालवून बघायच्या, उत्तर सारखं आलं की मार्क, याचे.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकच उत्तर दहा प्रकारच्या क्वेऱ्यांनी काढता येतं, त्यामुळे पहिली पद्धत फार कडक. आणि चुकीच्या क्वेरीनेही योगायोगाने बरोबर उत्तर येऊ शकतं, त्यामुळे दुसरी पद्धत सैल. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर एका वर्षाची आणेवारी आण्यांत मोजली, दुसऱ्या वर्षाची पैशांत, आणि मग आठाचे पन्नास झाले म्हणून पीक सहापट आलं असं जाहीर केलं. तलाठ्याने असं केलं तर गाव त्याला सोडेल का? मग आपण इंजिनिअर लोक अशा आलेखाला अंगठा कसा काय देतो?

प्रगती झालीच नाही असं मी म्हणत नाही. एकाच फूटपट्टीने मोजलं तरी चढ मोठाच आहे. मीही रोज ही मॉडेल्स वापरतो आणि माझा निम्मा वेळ वाचतो. पण "चढ मोठा आहे" आणि "दुकान गुंडाळा" यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि त्या जागेत खरी माणसं उभी असतात.

दुसरी गोष्ट. आलेख २०२३ लाच का थांबला?

कारण पुढे तो खाली येतो. २०२३ मध्येच बर्ड नावाची दुसरी परीक्षा आली. ९५ डेटाबेस, १२,७५१ प्रश्न, एकूण ३३.४ गिगाबाईट माल, आणि आतला डेटा खऱ्या जगासारखा अस्वच्छ. तिथे सुरुवातीला जीपीटी-४ ला ५४.८९ टक्के पडले. हळूहळू वेगवेगळ्या प्रणालींनी ते ७३ पर्यंत नेले. मग २०२४ मध्ये स्पायडर २.० आली. तिच्यातले ६३२ प्रश्न कंपन्यांमधल्या खऱ्या कामासारखे आहेत, आणि एकेका डेटाबेसमध्ये हजाराच्या वर कॉलम असणं हे तिथे नवल नाही. त्या पेपरातला आकडा वाचा: ओ-वन प्रिव्ह्यू या मॉडेलवर उभ्या केलेल्या एजंटला २१.३ टक्के. पेपर लिहिणाऱ्यांनी स्वतःच शेजारी लिहून ठेवलंय की जुन्या स्पायडरवर ९१.२, बर्डवर ७३.०, आणि इथे २१.३. त्यानंतर हाही आकडा चढला, पुढेही चढेल. पण तिन्ही परीक्षा एकाच कागदावर काढल्या तर चढती रेघ दिसत नाही, करवतीचे दात दिसतात. वर, धपकन खाली, परत वर. मित्राने पाठवलेला आलेख म्हणजे त्या करवतीचा एकच दात कापून घेतलेला.

आता लातूर-नांदेडच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. मी अकरावी-बारावी लातूरला केली. लातूर पॅटर्न म्हणजे काय ते मी अंगावर काढलंय. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, रात्री मागच्या वर्षांचे पेपर, आणि दर रविवारी चाचणी. या पॅटर्नची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. त्याने आमच्यासारख्या कितीतरी घरांतली पहिली पिढी डॉक्टर-इंजिनिअर केली. पण त्या पॅटर्नमध्ये शिकलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आतून माहीत असते. पेपरचा साचा पाठ झाला की मार्क वाढतात, आणि वाढलेल्या मार्कांतले किती समजुतीचे आणि किती सरावाचे, हे फक्त साचा बदलल्यावर कळतं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते कळलं :)

मॉडेल्सचंही तेच. आणि इथे तर आणखी एक भानगड आहे. स्पायडरमधल्या सरावाच्या आणि पडताळणीच्या प्रश्नांची उत्तरं २०१८ पासून इंटरनेटवर उघडी पडलेली आहेत. शेवटच्या परीक्षेचा संच लपवून ठेवला होता, पण २०२४ च्या सुरुवातीला परीक्षा बंद करताना तोही उघडा केला. आजची मॉडेल्स इंटरनेटवरचा मजकूर वाचूनच मोठी झालीत. त्यांनी हे पेपर आधी पाहिले असतील की नाही, हे बाहेरून ठामपणे सांगता येत नाही. २०२४ मध्ये नीटच्या पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो आठवा. पेपर आधी पाहिला असण्याची नुसती शंका आली तरी निकालावरचा विश्वास उडतो. इथे मात्र तीच शंका असताना आपण निकालाचा आलेख काढून फॉरवर्ड करतो.

आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याचं काय? २०२४ मध्ये काही संशोधकांनी बर्डमधल्या आर्थिक व्यवहारांच्या डेटाबेसवरचे १०६ प्रश्न एकेक करून तपासले. जवळपास निम्म्या ठिकाणी प्रश्नात किंवा माणसाने दिलेल्या "बरोबर" क्वेरीत काहीतरी दोष निघाला. म्हणजे आदर्श उत्तरच चुकलेलं. अशा परीक्षेत दोन मॉडेल्समध्ये अर्ध्या टक्क्याचा फरक पडला म्हणून कोण पहिला, कोण दुसरा असे फलक लावायचे? साधा हिशोब करा. स्पायडरच्या पडताळणी संचात १,०३४ प्रश्न आहेत. एक टक्का म्हणजे दहा प्रश्न. ८६ टक्के मिळाले असतील तर संख्याशास्त्राच्या साध्या नियमाने मागेपुढे दोन टक्के धरावेच लागतात. एवढी खालीवर होण्याची जागा ज्या आलेखात दाखवलेली नाही, तो आलेख म्हणजे जाहिरात. हे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या सेमिस्टरला शिकवतात. आपण पास होऊन विसरलो.

असो. आता माझ्या आलेखाची गोष्ट.

गेल्या वर्षी आपल्याच भागातल्या एका सोयाबीन खरेदी करणाऱ्या फर्मसाठी मी सुट्टीच्या दिवसांत एक काम घेतलं होतं. नाव सांगत नाही, चूक त्यांची नव्हतीच. त्यांना हवी होती एक खिडकी. मालकाने प्रश्न टाईप करायचा, खालून उत्तर यायचं. मी एक चांगलं नावाजलेलं मॉडेल जोडलं आणि परीक्षा घ्यायची म्हणून स्वतःच वीस प्रश्न तयार केले. प्रश्नांसाठी थोडा नमुना डेटाही स्वतःच भरला. वीसपैकी अठरा बरोबर. नव्वद टक्के! सादरीकरणात मी एक सुंदर आलेख टाकला. पहिल्या आठवड्यात साठ, दुसऱ्यात पंचाहत्तर, तिसऱ्यात नव्वद. रेघ हिरवीच होती.

मग खऱ्या डेटावर पहिला प्रश्न विचारला गेला: "या हंगामात कुणाकुणाचे पैसे देणं बाकी आहे?" चार सेकंदांत यादी आली. नावं, गावं, रकमा. एकूण रकमेचा आकडा मालकाच्या अंदाजाच्या जवळपास होता. मालक खूश. मी त्याहून खूश. दुसऱ्या दिवशी ती यादी बँकेत जाणार होती.

फर्ममध्ये एक मुनीम काका आहेत. साठीच्या पुढचे. कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण यादीची प्रिंट त्यांनी मागून घेतली, चष्मा वर केला आणि बोट फिरवत वाचायला लागले. दोन मिनिटांनी म्हणाले, "साहेब, हे काहीतरी गडबड वाटायलंय मला. ह्या पहिल्याला तर मी सोता दोन हप्त्यांत समदे पैसे दिलेत. ह्याचे कुठले बाकी? आन् तो लोह्याकडचा माणूस, ज्याला आजून एक रुपाया गेला नाही, दर सोमवारी हितं पायरीवर येऊन बसायलाय, त्याचं नाव कुठाय?"

त्याचं नाव नव्हतंच.

क्वेरी उघडून बघितली आणि कानशिलं तापली. मॉडेलने खरेदीचा तक्ता आणि पेमेंटचा तक्ता सरळ इनर जॉइनने जोडला होता. ज्यांना डेटाबेस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इनर जॉइन म्हणजे दोन्ही वह्यांत ज्याची नोंद आहे तोच घ्यायचा. आता ज्या शेतकऱ्याला एकही पैसा दिलेला नाही, त्याची पेमेंटच्या वहीत नोंद असेल कशी? तो आपोआप गळाला. सगळ्यात जास्त ज्याचं देणं, तोच यादीबाहेर. आणि ज्याला दोन हप्त्यांत पूर्ण पैसे मिळाले, त्याची खरेदीची पावती दोन हप्त्यांना दोनदा चिकटली. चाळीस हजारांच्या मालाचे ऐंशी झाले, दिलेले चाळीस वजा केले, बाकी चाळीस! म्हणजे ज्याला मिळाले त्याला परत मिळणार होते, ज्याला मिळाले नव्हते त्याला काहीच नाही. आणि दोन्ही चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे एकूण आकडा मात्र ठीकठाक दिसत होता. कुठेही लाल अक्षरांत एरर नाही. प्रोग्राम पडला असता तर बरं झालं असतं. चुकलेली एसक्यूएल आरडाओरडा करत नाही, नीटनेटकं उत्तर देते.

आता गंमत बघा. हीच क्वेरी माझ्या नमुना डेटावर पूर्ण बरोबर ठरली होती. का? कारण डेटा भरताना मी आळशीपणा केला होता. प्रत्येक पावतीला एक पेमेंट, ना जास्त ना कमी. अशा डेटावर इनर जॉइन काय आणि लेफ्ट जॉइन काय, उत्तर सारखंच. उत्तर जुळलं, मार्क दिला. ती सैल फूटपट्टी मी वर म्हणालो ना, ती हीच. हा दोष संशोधकांना माहीत नाही असं नाही. २०२० मध्येच स्पायडरवर काम करणाऱ्यांपैकी काहींनी सुचवलं होतं की एकाच डेटाबेसवर उत्तर जुळवू नका, मुद्दाम वेगवेगळा डेटा भरलेल्या अनेक डेटाबेसवर तीच क्वेरी चालवून बघा. म्हणजे नशिबाने बरोबर आलेली उत्तरं उघडी पडतात. पण आलेखाचा स्क्रीनशॉट फॉरवर्ड होताना ही बारीक अक्षरं कुठेतरी गळतात. लोह्याच्या त्या माणसासारखीच.

मी चूक दुरुस्त केली, यादी बँकेत जायच्या आत. पण त्या रात्री झोप लागली नाही. मुनीम काका त्या दिवशी सुट्टीवर असते तर?

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. परीक्षेतला आकडा मॉडेलचा एकट्याचा नसतो.

बर्डमध्ये प्रत्येक प्रश्नासोबत एक सूचना दिलेली असते. अमुक शब्दाचा अर्थ अमुक कॉलम, तमुक कोडचा अर्थ तमुक. ती सूचना दिली तेव्हा जीपीटी-४ ला ५४.८९ पडले होते. काढून घेतली तर ३४.८८. वीस टक्के नुसत्या सूचनेचे! आणि माणसांचं काय? सूचनेसह ९२.९६, सूचनेविना ७२.३७. म्हणजे माणसाचीही तीच गत. अचूकता ही बरीचशी सूचना देणाऱ्याकडून येते. आणि ती सूचना कुठे असते? डेटाबेसमध्ये नसते. मुनीम काकांच्या डोक्यात असते.

आपल्याकडची उदाहरणं घ्या. "जिल्ह्यात दुष्काळी गावं किती?" असा साधा प्रश्न. कॉलम कुठला? पैसेवारी. पन्नास पैशांच्या खाली म्हणजे पीक बुडालं, हे नियम माहीत असलेल्याला माहीत. पण पैसेवारी एका हंगामात एकदाच जाहीर होत नाही. आधी नजर, मग सुधारित, मग अंतिम. एकाच गावाचे तीन आकडे. मॉडेल कुठला उचलणार? शिवाय २०१६ मध्ये केंद्राची दुष्काळ व्यवस्थापन संहिता आली आणि दुष्काळ ठरवताना पाऊस, मातीतला ओलावा, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती असे निकष पुढे आले. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला तो या नव्या चौकटीत. तेव्हा "दहा वर्षांतला दुष्काळ दाखव" म्हटलं की वर्षानुसार नियमच बदलतो. ही गोष्ट कुठल्या तक्त्यात लिहिलेली आहे?

किंवा "अतिवृष्टी झालेली मंडळं दाखव." अतिवृष्टी नावाचा कॉलम नसतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस, ही त्याची व्याख्या. आणि ते चोवीस तास मध्यरात्रीपासूनचे नाहीत, सकाळी साडेआठ ते साडेआठ. रात्री अकराला ढगफुटी झाली तर नोंद दुसऱ्या दिवसाच्या तारखेला. ज्याला हे ठाऊक नाही, तो माणूस असो की मॉडेल, तारखेला तारीख जुळवून मोकळा होईल. उत्तरही येईल. फक्त एक दिवस सरकलेलं.

किंवा नुसतं "शिरूर". लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ, बीड जिल्ह्यात शिरूर कासार, पुणे जिल्ह्यात शिरूर. नावावर जॉइन केला की तिघांचा पाऊस एका भांड्यात. किंवा "१९७१ पासून लातूर जिल्ह्याची लोकसंख्या". अहो, लातूर जिल्हाच १९८२ मध्ये झाला! त्याआधी तो उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवचा भाग. इथे बरोबर उत्तर एसक्यूएल नाहीच. बरोबर उत्तर आहे, "थांबा, तुम्हाला नेमकं काय विचारायचंय?" उलटा प्रश्न विचारण्याला वरच्या कुठल्याही आलेखात मार्क नाहीत. या परीक्षांत प्रत्येक प्रश्नाला एक ठरलेलं उत्तर असतं आणि गप्प बसणं म्हणजे शून्य. मग मॉडेल ठोकून देणारच. आपणही बारावीला निगेटिव्ह मार्किंग नसलेल्या पेपरात हेच करायचो. आणि हो, या दोन्ही परीक्षांचे मूळ प्रश्न इंग्रजीत आहेत. "गेल्या साली किती उचल दिली" हे वाक्य तिथे कुणी विचारलेलं नाही.

आता तुमचे आक्षेप. मला माहीत आहेत, कारण ग्रुपवर रात्री दीडपर्यंत तेच चालू होतं.

पहिला आक्षेप: "माणसंही चुकतात." चुकतात की! मी तर जॉइन चुकवून लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. पण माणसाच्या चुकीला एक पत्ता असतो. अमुक माणसाने, अमुक दिवशी, अमुक समजुतीने केली. त्याला विचारता येतं, आणि पुढच्या वेळी तो घाबरून दोनदा बघतो. शिवाय माणूस दिवसाला दहा क्वेऱ्या लिहितो. ही खिडकी दिवसाला हजार लिहील. दहा टक्के चूक धरली तरी शंभर चुकीची उत्तरं रोज, सगळी तितक्याच आत्मविश्वासाने. कुठली शंभर, ते कुणालाच माहीत नाही.

दुसरा: "आज नाही तर उद्या शंभर टक्के होतील." हे मी ऐकत नाही, कारण हे फार जुनं गाणं आहे. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये एसक्यूएल जन्माला आली तीच मुळी प्रोग्रामर नसलेल्यांना डेटा विचारता यावा म्हणून. आणि त्याच्याही आधी, १९७१ मध्ये, चंद्रावरून आणलेल्या दगडांच्या माहितीवर साध्या इंग्रजीत प्रश्न विचारता येतील अशी ल्यूनार नावाची प्रणाली अमेरिकेत भूगर्भशास्त्रज्ञांसमोर ठेवली होती. १११ प्रश्न विचारले गेले. ७८ टक्क्यांची उत्तरं थेट बरोबर आली, आणि किरकोळ चुका दुरुस्त केल्यावर ९० टक्के. पन्नास वर्षांपूर्वी नव्वद! ती प्रणाली फालतू होती म्हणून मागे पडली नाही. ती चंद्राच्या दगडांपुरती होती, आणि जग दगडांपेक्षा मोठं आहे. प्रत्येक नव्वद टक्के हे कशाचे तरी नव्वद टक्के असतात.

तिसरा, जरा टोचणारा: "तुला नोकरीची भीती वाटते म्हणून लिहितोयस." वाटते ना. एकोणतीस वर्षांचा आहे, घराचा हप्ता चालू आहे, का वाटू नये? पण भीती वाटते म्हणून जॉइन बरोबर होत नाही. आणि त्या यादीतून माझं नाव गळलं नव्हतं.

तर मग करायचं काय? नुसती बोंब मारून जाणं मला पटत नाही. चार साध्या मागण्या करतो. तुमच्या ऑफिसात पुढच्या वेळी असा आलेख पडद्यावर आला की हात वर करून विचारा.

एक, परीक्षा कुठली, प्रश्न किती, आणि मोजलं कसं? क्वेरी जुळवून की उत्तर जुळवून? प्रत्येक ठिपक्याला एकच पद्धत होती का? नसेल तर मधली रेघ पुसायला सांगा.

दोन, आमच्या डेटाबेसवर किती? बाहेरची परीक्षा मॉडेल निवडायला ठीक आहे, कामाला जुंपायला नाही. आपल्याच जुन्या कामातले शंभर खरे प्रश्न काढा, आणि डेटा मुद्दाम वाकडा ठेवा. पेमेंट नसलेली पावती, दोन हप्ते, दोन शिरूर, तीन पैसेवाऱ्या. माझ्यासारखा गुळगुळीत डेटा भरू नका.

तीन, चुका वेगळ्या मोजा. क्वेरी चाललीच नाही ही एक चूक, आणि क्वेरी चालली पण उत्तर खोटं ही दुसरी. पहिलीचा त्रास आपल्याला होतो, दुसरीचा पायरीवर बसलेल्या माणसाला. दोन्ही एकाच टक्क्यात मिसळणं हा अप्रामाणिकपणा आहे. आणि मॉडेलने "मला कळलं नाही, नीट सांगा" म्हटलं तर त्याला शून्य देऊ नका. तो त्याच्या सगळ्यात शहाण्या उत्तरांपैकी एक आहे.

चार, यादी माणसांच्या पैशांची, पाण्याची, औषधाची असेल तर ती बाहेर पडण्याआधी नावं ओळखणारा एक माणूस ती वाचेल. एकूण रक्कम बघणारा नाही, नावं ओळखणारा. त्याचा पगार त्या प्रकल्पाच्या खर्चात धरा. तो परवडत नसेल तर प्रकल्पच परवडत नाही, असं सरळ म्हणा.

ज्युनिअर मित्रा, तुला उत्तर मिळालं असेल. एसक्यूएल शीक. लिहायला कमी लागेल कदाचित, पण वाचायला फार लागणार आहे. इनर आणि लेफ्टमधला फरक झोपेत सांगता यायला हवा. आणि ज्या धंद्याचा डेटा आहे त्या धंद्यातल्या जुन्या माणसाशेजारी दोन दिवस बस. चहा पी, त्याची वही बघ. मॉडेलला जी सूचना द्यायची असते ती तिथे मिळते.

त्या फर्ममध्ये आता खिडकी चालू आहे. उत्तराखाली मी एक ओळ टाकली आहे, "मुनीम काकांनी पाहिली: हो / नाही." मालक आधी हसले. आता "हो" असल्याशिवाय सही करत नाहीत. मागच्या फेरीला गेलो होतो तेव्हा काकांना विचारलं, कसं चाललंय तुमच्या नव्या शिष्याचं? म्हणाले, "हुशार हाय की ओ पोरगं. पर कुणाला वळखत नाही अजून."

ग्रुपवर हा लेख टाकतोय. अंगठे किती येतात बघू. तूर्तास इतकंच.